शनिवारचा उपास आणि विम्याचा दावा

मी दर शनिवारी उपास करतो, हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा आपली बाजू भक्कम झाली असं मला वाटलं होतं. पुढची दीड-पावणेदोन वर्षं त्या एका वाक्यापायी गेली. अजूनही कुणी विम्याचा विषय काढला की माझा आवाज चढतो आणि बायको उठून दुसऱ्या खोलीत जाते. तिने हे सगळं इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा लिहूनच काढावं म्हटलं, म्हणजे निदान तिची सुटका होईल.

आम्ही राहतो त्या सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागात तेव्हा नव्या एमआरटीचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं, खोदकाम चालू होतं. आमच्या ब्लॉकसमोरचा रस्ता आज इकडून तर उद्या तिकडून वळवलेला असायचा, आणि मला प्रत्येक वळणाला दम लागायचा. साठी उलटून गेली होती. माझा धंदा जहाजांच्या जुन्या पंपांचा. मोडीत निघालेल्या जहाजांवरचे पंप आणि व्हॉल्व्ह विकत घ्यायचे, जुरोंगच्या गाळ्यात खोलायचे, नवी बेअरिंगं आणि सील घालून पुन्हा विकायचे. मी जहाजावर लागलो तो साधा फिटर म्हणून. इंजिनिअरच्या परीक्षा दिल्या नाहीत, त्यामुळे ज्यांनी दिल्या त्यांच्याशी माझं कायम वाजायचं. सिंगापूरला उतरलो, एकाच्या गाळ्यात कोपरा भाड्याने घेतला आणि त्या कोपऱ्यातून हा धंदा उभा केला. कुणाची ओळख नाही, बापाची पेढी नाही. भाव करण्याची अक्कल तेवढी होती. समोरच्याने आकडा सांगितला की गप्प बसायचं. तो अस्वस्थ होऊन आपणच खाली येतो. नाहीच आला तर उठून दाराकडे चालू लागायचं. दारापर्यंत पोचायच्या आत हाक येते. माझं घर या हाकेवर चाललं.

माझ्या धंद्यात माल हाताने बघावा लागतो. चालत्या पंपाच्या बेअरिंगवर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आत काय बिघडलंय ते स्पष्ट ऐकू येतं. फोटो बघून घेणारे फसतात. त्यासाठी जहाजावर जावं लागतं, आणि जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं असलं तर लाँचने जाऊन दोराच्या शिडीने वर चढावं लागतं.

त्या वर्षी एका टँकरच्या शिडीवर मी अर्ध्यात अडकलो. गुडघा वर उचलेना, श्वास पुरेना, खाली लाँच लाटांवर वरखाली होत होती. वर कठड्याला रत्नागिरीकडचा चीफ इंजिनिअर उभा होता. वाकून म्हणाला, "काका, सामानाची जाळी सोडू का? आत्ताच बटाट्याची पोती चढवली, तुम्हालाही घेऊ!" खलाशी हसले. मी खाली उतरलो. लाँचमधून त्याला एक कचकचीत शिवी घातली, ती इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेली नाही, याचंही वाईट वाटलं. तो पंप मी फोटोवर घेतला. शाफ्ट वाकलेला निघाला.

मग डॉक्टरांकडे गेलो. साखर बरीच वर्षं होतीच, गोळ्या चालू होत्या. गुडघे झिजलेले. रात्री घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो, असं बायको सांगायची. मला वाटायचं की तिचं काहीतरी असतं, पण तपासणीत ते खरं निघालं. डॉक्टर चिनी, चाळिशीतले, अगदी हळू बोलणारे. त्यांनी सगळे कागद बघितले आणि म्हणाले की नुसत्या पथ्याने आता फारसं होणार नाही. जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया करू. वजन उतरेल, साखर आटोक्यात येईल, गुडघ्यांचं ऑपरेशनही कदाचित टळेल.

"शिडी चढता येईल?" मी विचारलं.

"कसली शिडी?"

मी सांगितलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, जणू तिथे जहाज उभं आहे. "तुमच्या वयाला मी वचन देत नाही," ते म्हणाले, "पण आत्ता आहात तसेच राहिलात तर येणार नाही, एवढं नक्की सांगतो."

मला तेवढं पुरलं. कारण शिडी नाही तर धंदा नाही. गाळ्यात बसून फोटो बघणारा म्हातारा व्हायची माझी तयारी नव्हती.

आता विमा. पॉलिसी मी घेतली होती ती पुंगोलला राहणाऱ्या एका पुणेकराकडून. आधी तो कुठल्याशा कंपनीत संगणकावर होता, मग नोकरी सोडून विम्यात शिरला. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाचा द्रोण हातात घेऊनच त्याने मला गाठलं होतं. हप्त्यात मी त्याला जमेल तेवढं खाली आणलं होतं आणि त्यानंतर एकही हप्ता चुकवला नव्हता. एकदाही दावा केला नव्हता. त्याला फोन केला.

"काका, अवघड आहे," तो म्हणाला. "वजन कमी करायचे उपचार पॉलिसीत बसत नाहीत."

"मी काय गाल कमी करायला चाललोय? साखर आहे मला. गुडघे गेलेत."

"हो हो, तीच तर वाट आहे. वैद्यकीय गरज आहे असं सिद्ध केलं तर देतात. पण त्याला अट आहे. वजन उतरवायचा आधी मनापासून प्रयत्न केलेला पाहिजे, आणि तो फसलेला पाहिजे."

"आणि ही अट तू मला विकताना सांगितली होतीस?"

"काका, कलम आहे त्यात. तुम्ही वाचलं नव्हतं का?"

"तू मोदक खात होतास, मी आरतीचं ताट धरून उभा होतो. कोण वाचणार होतं?"

तो हसला. मी हसलो नाही. पण डोक्यात चक्र सुरू झालं. प्रयत्न केलेला पाहिजे आणि फसलेला पाहिजे. अरे, मग माझ्याइतका हक्काचा माणूस दुसरा कोण? जहाजावर लागलो तेव्हापासून माझा शनिवार. मारुतीचा. बिस्केच्या उपसागरात जहाज उभं-आडवं होत असतानाही मी शनिवार मोडला नव्हता. जहाजावर जेवण वाढणारा गोव्याचा मेसमन मला वेडा म्हणायचा. इतक्या वर्षांचे उपास आणि वजन हे असं! फसलेला प्रयत्न यापेक्षा मोठा कुणाकडे असेल?

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, "याआधी वजन कमी करायचा काही प्रयत्न?" आणि मी छाती काढून सांगितलं.

"पूर्ण दिवस?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण दिवस. संध्याकाळी सोडतो."

"दिवसभर काही खात नाही?"

"भात नाही, पोळी नाही, डाळ नाही. काही नाही."

मी खोटं बोललो नाही. आमच्याकडे कुणालाही विचारा. साबुदाण्याची खिचडी हे काही जेवण नव्हे. तो फराळ. दाण्याची आमटी, वरीचे तांदूळ, बटाट्याचा कीस, वर एखादं केळं, हे सगळं उपासाचं आहे, आणि उपासाचं खाल्लं म्हणजे खाल्लं असं आम्ही धरतच नाही. एखाद्याने शनिवारी दुपारी फोन करून "जेवलात का?" विचारलं तर खिचडीची बशी पुढ्यात असतानाही मी "नाही, उपास आहे" म्हणतो, आणि ऐकणाऱ्यालाही ते पटतं. डॉक्टरांनी मान हलवली आणि टाइप केलं. जाताना एवढंच म्हणाले, "साखरेच्या गोळ्या चालू असताना उपाशी राहणं बरं नाही." मी म्हटलं, सवय आहे.

डॉक्टरांच्या अहवालासकट कागद पाठवले आणि कंपनीचं पत्र आलं. दावा नामंजूर. कारण काय, तर रुग्ण मधुमेहाची औषधं घेत असताना वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध दर आठवड्याला निराहार राहतो. उपचारांना सहकार्य करत नाही. देखरेखीखाली कोणताही प्रयत्न झालेला नाही. वजनाचा प्रश्न त्याच्या राहणीमानातून उद्भवलेला दिसतो.

मी ते उभ्यानेच वाचलं. सहकार्य करत नाही! मारुतीचा उपास म्हणजे असहकार! गाळ्यात पाना आपटला तो फरशीचा टवका उडाला.

घरी बायकोने पत्र शांतपणे वाचलं. ती भाजी निवडत होती. "मग सांगा ना त्यांना," ती म्हणाली, "काय काय खाता ते."

"काय सांगू?"

"खिचडी खातो म्हणावं. दोनदा घेतो. वर दह्याची वाटी. उपाशी कुठे राहता तुम्ही? शनिवारी सकाळपासून स्वयंपाकघराबाहेर माझा पाय पडत नाही."

"अगं, तसं सांगितलं तर म्हणतील हा भरपूर खातो. राहणीमान! मग तर सुंठेवाचून खोकला गेला त्यांचा."

"मग उपाशी राहतो म्हणा."

"तेच तर म्हटलंय, म्हणून नाकारलं!"

तिने भाजी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "अहो, गाळ्यातला थोडा माल काढा आणि पैसे भरून मोकळे व्हा. तुमचा श्वास थांबतो रात्री. मी जागी असते."

ती जागी असते हे मला माहीत नव्हतं. तरीही मी ऐकलं नाही. पैसे भरता आले असते, ओढाताण करून. पण मी फुकट मागत नव्हतो. मी माल घेतला होता, वर्षानुवर्षं किंमत चुकती केली होती, आणि आता माल द्यायच्या वेळी दुकानदार माझ्या स्वभावावर बोलत होता. असं मी गिऱ्हाइकाशी केलं असतं तर माझा गाळा कधीच बंद झाला असता.

मी त्यांच्या ऑफिसात गेलो. शहरातली उंच काचेची इमारत, आत इतका गारवा की गुडघे ठणकायला लागले. दावे बघणारी बाई तिशीतली होती, नम्र, तमिळ वळणाचं इंग्रजी बोलणारी. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला "सर, मला तुमची अडचण समजते". मी माझं म्हणणं मांडलं आणि माझ्या पद्धतीप्रमाणे गप्प बसलो. ती पण गप्प बसली. समोरचा माणूस माझ्यापेक्षा जास्त वेळ गप्प बसल्याचं मी पहिल्यांदा बघितलं. मग मी उठलो, कागद गोळा केले आणि दाराकडे चालू लागलो. सावकाश चाललो. तसंही भरभर चालता येत नव्हतं. दार आलं. हाक नाही. बाहेर लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं, मी आत गेलो नाही. दुसरी आली. काचेतून ती बाई दिसत होती. ती पुढच्या माणसाचे कागद बघायला लागली होती.

त्यानंतरचे महिने पत्रांत गेले. मी लिहायचो, ते उत्तर द्यायचे, उत्तरात तीच वाक्यं. साखर वाढली म्हणून गोळ्या वाढल्या. नांगरावरच्या जहाजांची कामं मी सोडून दिली. धक्क्याला लागलेल्या, सरळ जिन्याने चढता येईल अशाच जहाजांचा माल बघायचो, तो कमी आणि महाग. शेवटी पुंगोलच्या त्या एजंटानेच सुचवलं की अशा तक्रारी सोडवणारं एक केंद्र आहे, तिथे अर्ज करा. "मात्र काका, तिथे आवाज चढवू नका," तो म्हणाला. "तुमचा आवाज ऐकून मीच कधीकधी फोन कानापासून लांब धरतो."

"हप्ता घ्यायला मात्र जवळ धरायचास."

"बघा, हे असं."

केंद्रात एक छोटी खोली होती, गोल टेबल, पाण्याचे कागदी पेले. मध्यस्थ एक वयस्कर चिनी गृहस्थ, काडीसारखे बारीक. एका बाजूला विमा कंपनीची ती बाई, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघं. बायकोला मी घेऊन गेलो होतो कारण कागद सांभाळायला कुणीतरी हवं होतं. तिला बजावून ठेवलं होतं, "तू बोलू नकोस. विचारलंच तर थोडक्यात."

मध्यस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि नेमकं तिलाच विचारलं, "मॅडम, शनिवारी हे काय खातात?"

स्वयंपाकाबद्दल विचारल्यावर माझी बायको थोडक्यात सांगू शकत नाही. तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सुरुवात केली. साबुदाणा आदल्या रात्री भिजवायचा. पाणी नेमकं हवं, नाहीतर गोळा होतो. दाण्याचं कूट, तूप, जिरं, बटाटा. मग वरीचे तांदूळ. मग दाण्याची आमटी. रताळं मिळालं तर तुपात परतून, वर गूळ. मध्यस्थ ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर भूक दिसत होती.

"हे सगळं उपासाला?" त्यांनी विचारलं.

"एकादशीला आणखी असतं," ती म्हणाली.

विमा कंपनीच्या बाईने लगेच पेन उचललं. "म्हणजे सर, हे निराहार राहतच नाहीत. उलट या दिवशी जास्त पिष्टमय आणि तेलकट खातात. हा राहणीमानाचाच प्रश्न झाला."

तिथे माझा आवाज चढला. चढणारच होता. "बाई, गेल्या वर्षी तुम्ही लिहिलंत मी खात नाही म्हणून नाही. आज म्हणताय मी खातो म्हणून नाही. मी पंप विकतो. गिऱ्हाईक येऊन सांगू शकतं की पंप बंद पडून होता म्हणून गंजला. सांगू शकतं की जास्त चालला म्हणून झिजला. एकाच पंपाबद्दल दोन्ही सांगितलं तर मी त्याला गाळ्याबाहेर काढतो. दोन्हीतलं एक ठरवा, मग माझ्याशी बोला!"

बायकोने टेबलाखाली माझा हात धरला. मध्यस्थ पाणी प्यायले आणि म्हणाले, "तो मुद्दा यांचा बरोबर आहे." त्या सगळ्या प्रकरणात माझा मुद्दा बरोबर आहे असं कुणी म्हटलं ते तेवढंच.

तोडगा त्यांनी काढला तो असा. सहा महिने हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली राहायचं, शनिवारसुद्धा तिने सांगितलेलं खायचं, नंतर कंपनीने नव्याने विचार करायचा.

परतीच्या एमआरटीत मी बोटांवर मोजत होतो. सहा महिने म्हणजे कितीतरी शनिवार. बायको म्हणाली, "तुमचा शनिवार मी धरते."

"असं चालतं?"

"न चालायला काय झालं? माझ्या आईने माझ्या भावाचे सोमवार धरले होते, तो टायफॉइडने पडला होता तेव्हा. देवाला उपासाशी मतलब. घरातून कुणीतरी केला म्हणजे झालं."

मी हो म्हटलं. शनिवारी ती खिचडी खायची आणि मी तिच्यासमोर बसून आहारतज्ज्ञाच्या हुकमाप्रमाणे भाकरी, पालेभाजी आणि उसळ खायचो. उपास तिचा, आणि उपाशी असल्यासारखं मला वाटायचं.

आहारतज्ज्ञ एक तरुण मलय मुलगी होती, डोक्याला फिकट निळा स्कार्फ. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, दुपारी एक पोळी.

"तीन," मी म्हटलं.

"एक, अंकल."

"अडीच. लहान करतो."

"अंकल, हे मार्केट नाही, लाह," ती इथल्या सिंगापुरी लकबीत म्हणाली. "एक."

मी गप्प बसलो. ती हसत राहिली आणि पुढचं लिहायला लागली. दुसरी हरलेली बाजी. पण मुलगी चांगली होती. साबुदाण्यात काय असतं ते तिने मला आकडे न सांगता समजावलं. म्हणाली, "अंकल, गेली कित्येक वर्षं आठवड्यातला तुमचा सगळ्यात जड दिवस शनिवार होता." मी हे बायकोला सांगितलं नाही. तिने त्या दिवसासाठी आदल्या रात्री साबुदाणा भिजवण्यात किती वर्षं घालवली, ते मला माहीत होतं.

वजन उतरायला लागलं. थोडंच, पण उतरलं. तेवढ्यात एजंटाचा फोन.

"काका, कसं चाललंय?"

"उतरतंय."

"अहो, फार उतरवू नका हं! कंपनीच्या वजनाच्या कोष्टकातल्या आकड्याच्या खाली गेलात तर म्हणतील की आता शस्त्रक्रियेची गरजच नाही."

"म्हणजे मी काय करू? खाऊ?"

"तसं मी कसं सांगणार? फक्त लक्ष ठेवा."

प्रामाणिक प्रयत्न करायचा, पण यशस्वी व्हायचं नाही. नापास होण्यासाठी अभ्यास करायचा. माझ्या वयाच्या माणसाला हे कशाला करायला लावतात, हे मला कुणी सांगितलेलं नाही. पुढे डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. एका टप्प्यावर वजन अडलं आणि हलेना. आहारतज्ज्ञाने लिहून दिलं की रुग्णाने पूर्ण सहकार्य केलं. पूर्ण सहकार्य. तो शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला.

कंपनीचं उत्तर आलं. शस्त्रक्रियेचा काही हिस्सा द्यायला ते तयार होते, पण दावा मंजूर म्हणून नाही. खास बाब म्हणून, सद्भावनेपोटी, कोणतीही जबाबदारी मान्य न करता. आधीचा निर्णय आणि त्यातली कारणं कायम.

ही भाषा मला नवी नव्हती. कटकट्या गिऱ्हाइकाला वाटेला लावायचं असेल तर मीही असंच करायचो. चूक आमची नाही, पण जुने संबंध आहेत, हे घ्या थोडं आणि जा. पैसे द्यायचे, शब्द द्यायचा नाही. कारण शब्द दिला की पुढचा माणूस तोच दाखवत येतो.

मी त्या बाईला फोन केला. आवाज अगदी खाली ठेवला. म्हटलं, "मला एक वाक्य काढून हवंय. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध वागतो आणि सहकार्य करत नाही, हे. तुम्हीच मान्य केलेल्या आहारतज्ज्ञ मुलीने उलट लिहून दिलंय. ते वाक्य काढा, मी बाकी काही मागत नाही."

"सर, मला तुमची अडचण समजते. नोंद बदलता येत नाही."

"मग तुम्ही देताय त्यातलं थोडं कमी द्या. पण वाक्य काढा."

ती पहिल्यांदाच गडबडली. तिला असा भाव कुणी केला नसावा. म्हणाली, विचारून सांगते. दोन दिवसांनी तिचा फोन आला. वरिष्ठांशी बोलले आहे, नोंद बदलता येणार नाही, मात्र माझ्या सहकार्याची दखल घेऊन रक्कम थोडी वाढवता येईल.

आयुष्यभर मी याच्यासाठी घसा कोरडा केला. समोरचा माझ्या मागण्यापेक्षा जास्त देत होता, आणि मला कुणीतरी खिशात हात घातल्यासारखं वाटत होतं. बायको समोर उभी होती. तिने हाताने खूण केली, हो म्हणा. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी हो म्हटलं. सही करून दिली, यापुढे या बाबतीत तक्रार नाही असं.

शस्त्रक्रिया झाली. पहिले काही आठवडे वाईट गेले, त्याबद्दल लिहीत नाही. मग वजन खरंच उतरलं, गोळ्या कमी झाल्या, आणि बायको रात्री झोपायला लागली. वर्षभरात मी नांगरावरच्या जहाजावर पुन्हा चढलो. सावकाश, मध्ये दम खात, पण चढलो. पंप चांगला होता. मालकाने जास्त सांगितला, मी त्याला खाली आणला. सगळं नेहमीसारखं. लोक म्हणतात, झालं ना मनासारखं? मी म्हणतो, झालं.

पण त्यांच्या कागदावर मी अजूनही सहकार्य न करणारा माणूस आहे. पुढच्या वर्षी पॉलिसीच्या नूतनीकरणाची सूचना आली तेव्हा त्यात नवं कलम होतं. जठराशी संबंधित कोणताही उपचार यापुढे वगळलेला, आणि हप्ता वाढलेला. मी त्या बाईला फोन लावला. ती नोकरी सोडून गेली होती. फोनवर दुसराच कुणीतरी होता, तरुण, नम्र. म्हणाला, "सर, मला सुरुवातीपासून सांगाल का?"

मी सुरुवातीपासून सांगायला लागलो. शनिवार, उपास, डॉक्टर. उपास म्हणजे काय, तो उपाशी राहणं कसा नाही आणि तरीही उपास कसा, इथपर्यंत आलो आणि मला एकदम थकल्यासारखं झालं. तो पलीकडून म्हणत होता, हॅलो सर, ऐकताय ना? मी म्हटलं, राहू दे. कुठे भरायचा तो हप्ता, तेवढं सांग.